खुर्चीत बसवायचं काम

१६ नोव्हेंबर

नळाला पाणी आलं होतं, म्हणून आधी पिंप भरलं, मग टाकीला पाइप लावला. दूध तापत ठेवून यांच्या शर्टाला इस्त्री केली. आंघोळीला जाताना यांनी गीझर लावलाय का विचारलं, मी हो म्हटलं. कणीक मळली, दोडके चिरले. ती सकाळ मला सगळी पाठ आहे, कारण तिच्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. हे ऑफिसला निघाले आणि फूलबागेजवळ स्कूटर थांबवून दुभाजकावर टेकले, ते टेकलेच. दोडके तसेच राहिले.

आज पुष्कळ दिवसांनी तशी सकाळ झाली. पाणी भरलं, कणीक मळली, डबा भरला. डबा माझा होता. मी नोकरीला लागले.

पाटणकर बाजारात साडीच्या दुकानाच्या वर सुश्रुतचा फोटो स्टुडिओ आहे. जिना अंधारा, पण वरची खोली छान उजेडाची. मला खिडकीजवळची जागा दिली, खुर्चीला नवी उशी आहे, खालून चहा वेळेवर येतो. सुश्रुत तिशीचा असेल. अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतो आणि मला आंटी म्हणतो. फोटो दुरुस्तीचं हे काम मला कोणी शिकवलेलं नाही. यांचा एकच बरा फोटो होता, त्याला ओल लागली. दुरुस्तीला दिला तर त्या दुकानदाराने ओलीच्या डागांबरोबर यांच्या गालावरचा तीळही पुसून टाकला. वर म्हणाला, साफ दिख रहे हैं. तेव्हा यशश्रीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघून मीच शिकले आणि तीळ परत आणला. लेकीला ते इतकं आवडलं की तिनेच सुश्रुतला फोन करून माझं काम दाखवलं.

आज दिवसभर बाहेर वराती वाजत होत्या आणि मी काम करत होते. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

इथल्या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी लग्नांत हल्ली एक पद्धत पडली आहे. घरातलं जाणतं माणूस गेलेलं असलं तर कुटुंबाच्या फोटोत त्याची खुर्ची रिकामी ठेवतात. पाठीवर शेला टाकतात, म्हणजे चुकून कोणी बसत नाही. मग गेलेल्या माणसाचा जुना फोटो कापून तिथे बसवायचा, ते काम स्टुडिओचं. सध्या मी तेच करते. उजेड कोणत्या बाजूने पडलाय ते बघावं लागतं, सावली पाडावी लागते. ते बायकोच्या उजवीकडे बसायचे की डावीकडे, तेही मी फोन करून विचारते. एक माणूस नीट बसवायला अर्धा दिवस जातो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. एका बाईंना सासरे बसवून हवे होते, पण जरा गोरे करून. दुसऱ्या एकांना वडील हवे होते, पण हसरे. मी विचारलं, हसायचे का ते. तर म्हणाले, हसायचे नाहीत म्हणूनच तर.

दुपारी दाना ओलीतले विश्वासराव आणि शांताताई आले, नातवाच्या, समरजीतच्या, लग्नाचे फोटो निवडायला. विश्वासराव ऐंशीचे, पण आवाज फौजेतला. मला म्हणाले, आमच्यात अजून कोणी गेलेलं नाही, तेव्हा ते शेला-बिला काही नको, खुर्चीत मी जातीने बसलोय, तू फक्त पुढचे दोन दात लावून दे. शांताताई म्हणाल्या, तोंड मिटून बसला असतात तर दातांची गरज पडली नसती, पण ते आमच्या नशिबात कुठलं. आपल्या माणसाशी असं बोलणारी बाई मी पुष्कळ दिवसांनी ऐकली.

२३ नोव्हेंबर

सुश्रुतचं माझ्यावर प्रेम संपत आलं आहे. म्हणतो, आंटी, तुम्ही एकेकाला ओवाळत बसता आणि इकडे सीझन चाललाय. आज त्याने शॉर्टकट केला. फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये अशी सोय असते, की आपण एकदा जे जे करू ते तो नोंदवून घेतो आणि मग एक बटण दाबलं की तेच सगळं अख्ख्या फोल्डरवर आपोआप करतो. खुर्ची शोधायची, माणूस आणून ठेवायचा, उजेड जुळवायचा आणि मूळ फोटोवरच सेव्ह करायचं. या शेवटच्या पायरीला मी हरकत घेतली, मूळ फोटो तरी राहू द्या म्हटलं. डिस्क भर जाती है, म्हणाला. शॉर्टकटला नाव दिलं ‘फटाफट’. मुलाचं बारसं केल्यासारखा खूश होता.

नोंदवून घ्यायला नमुना म्हणून एक नीट कापलेला माणूस हवा होता. मी यांचा दिला. तोच, तीळ परत आणलेला, भाच्याच्या मुंजीतला फोटो आहे, तपकिरी अर्धा कोट, हात गुडघ्यावर, डावीकडच्या खिडकीचा उजेड तोंडावर. कोणाचे तरी आजोबा घ्यायला हवे होते. पण यांच्याइतकं स्वच्छ कापलेलं दुसरं कोणी नव्हतं, आणि मलाही यांना लग्नात बसलेलं बघायचं होतं.

उद्या यशश्रीचा साखरपुडा. ती इंदूरहून आज पहाटेच आली.

२५ नोव्हेंबर

साखरपुडा पार पडला. फोटोच्या वेळी यांची खुर्ची ठेवली होती. यशश्री काही अर्धवट करत नाही. शेला पाठीवर न टाकता तिने खुर्चीवर पूर्ण पांघरला आणि वर नारळ ठेवला. मग मला ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं. हे गेल्यापासून मी फोटोत उभी राहिलेली नाही, बसणं तर दूरच. माझ्या पलीकडे ती स्वतः बसली.

व्याही मंडळींनी जेवताना गोड आवाजात सांगितलं, कन्यादानाला तुम्ही तर बसणार नाही, मग तिच्या काका-काकूंना सांगा. म्हणजे यांचे चुलतभाऊ युवराज. ज्याला हिची जन्मतारीख माहीत नाही, जो हिच्या दहावीला पेढे खाऊन गेला आणि कितवीला आहे म्हणून विचारून गेला, तो माझी लेक दान करणार. मी जिलबी वाढायला उठले. यशश्रीचं ताट तसंच राहिलं.

त्या फोटोला मी ‘फटाफट’ लावणार नाही. हाताने करीन.

२८ नोव्हेंबर

आज दुकानात तयार अल्बम चाळत होते. पुराणिकांच्या लग्नात, शेला टाकलेल्या खुर्चीवर, हे बसलेले. गुडघ्यावर हात. पुढचा अल्बम उघडला. तिथेही हेच. त्याच्या पुढच्यातही.

यंत्राने नुसत्या पायऱ्या नाही, माणूसही पाठ केला होता. सुश्रुतने सगळी फोल्डरं चालवली आणि एकही उघडून बघितलं नाही. फोटोचं दुकान चालवतो आणि फोटो बघायचा याला कंटाळा. मी ओरडले तेव्हा म्हणाला, किसी ने कंप्लेंट की क्या? ते मात्र खरं होतं. कोणीच केली नव्हती.

मी स्वतः पुराणिकांच्या सूनबाईंना, प्रांजलीला, फोन केला. ती म्हणाली, बाबा अगदी हुबेहूब आलेत. मी म्हटलं, पुन्हा एकदा नीट बघा. तर चिडली. आम्हाला आमचे बाबा ओळखता येत नाहीत का, म्हणाली. येत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. लोक आपल्या माणसाकडे जन्मभर बघत नाहीत. खुर्ची भरली की त्यांचं काम झालं.

सुश्रुतने शॉर्टकट दुरुस्त केला. आता ज्याचा फोटो देऊ तोच बसतो म्हणे.

३० नोव्हेंबर

दाना ओलीचं फोल्डरही त्याच दिवशी चाललं होतं. त्यात रिकामी खुर्ची नव्हती. यंत्राला खुर्ची हवी होती, म्हणून त्याने एक रिकामी केली. मधली. विश्वासराव नाहीत. त्यांच्या जागी हे. मूळ फोटोही नाही, त्याच्यावरच सेव्ह.

शांताताई अल्बम न्यायला आल्या तेव्हा मी मान खाली घालून माफी मागितली. त्यांनी फोटो निरखून बघितला आणि कशाची माफी म्हणून विचारलं. मी म्हटलं, विश्वासराव कुठे आहेत यात. त्या हसल्या. यांच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, हे काय बसलेत, तुला चष्मा लागला बाई. मग म्हणाल्या, एरवी घरात बडबड असते, फोटोत तेवढे शहाण्यासारखे दिसतात.

वय झालं की होतं असं. मी स्वतःला हेच सांगत घरी आले.

१ डिसेंबर

पेन ड्राइव्ह परत करायचं निमित्त करून दाना ओलीत गेले. शांताताईंनी चहा टाकला आणि बाहेरच्या खोलीत बस म्हणाल्या, हे आहेतच तिथे.

खुर्चीत हे बसले होते.

तपकिरी अर्धा कोट. हात गुडघ्यावर. मी अहो म्हटलं. हे समोर बघत राहिले, फोटो काढताना बघतात तसे. शांताताई चहा घेऊन आल्या आणि यांना म्हणाल्या, पाहुणी आली आहे, जरा तोंड उघडा, तसं कधी मिटत नाही. मी समरजीतला विचारलं, तुझे आजोबा कुठे आहेत. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ये क्या बैठे हैं.

खिडकी उजवीकडे होती. ऊन उजवीकडून येत होतं, शांताताईंचा उजवा गाल उजळला होता, कपाची सावली डावीकडे पडली होती. यांचं तोंड डावीकडून उजळलेलं होतं. डावीकडे भिंत होती.

माझ्या हातातला चहा सांडला. शांताताई म्हणाल्या, असू दे, पुसते.

परत येताना मान वर केली तर पुराणिकांच्या गॅलरीत हे बसले होते.

मला यांचा राग आला. माझ्या घरी सोडून सगळीकडे.

३ डिसेंबर

विश्वासराव सापडले. पंगतीच्या एका फोटोत, जिलबीवर वाकलेले, अर्धे कोणाच्या तरी मागे. त्या फोटोत खुर्ची नव्हती म्हणून यंत्राने हात लावला नव्हता. मी त्यांना कापलं, उरलेला खांदा हाताने काढला, दोन दात लावले. मग दाना ओलीच्या फोटोतून यांना पुसायला घेतलं. तिळाशी हात थांबला. पुसलं.

नवी प्रिंट काढून दाना ओलीत पाठवली. दुपारी दुकानाच्या फोनवर विश्वासराव कडाडले. अल्बम दिला तो ठीक, पण दात बायकोच्या माहेरचे लावलेस काय, एवढे मोठे? मागून शांताताई म्हणाल्या, मोठे बोल तर मोठे दात. मी रिसीव्हर धरून कितीतरी वेळ हो हो म्हणत राहिले.

म्हणजे फोटोत जो खुर्चीवर, तोच घरात. बटणाने बसवला तर.

पुराणिकांकडून आणि बाकीच्यांकडूनही यांना उठवलं, त्यांची त्यांची माणसं हाताने बसवली. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची रिकामी होती; हाताने बसवलेला गेलेला माणूस फोटोतच राहतो. इतक्या घरांतून एकाच माणसाला मी आज पुन्हा पोचवून आले.

५ डिसेंबर

युवराजचा फोन. कन्यादानाला बसायचं तर त्यांना नवीन सोवळं हवं आणि काकूंना पैठणी. वर म्हणाले, वहिनी, तुम्ही लांबूनच अक्षता टाका.

मी विचार करते आहे. आमच्या फोटोत तर खुर्ची रिकामीच आहे. कोणाची जागा जाणार नाही. शांताताईंची गोष्ट वेगळी होती, तिथे रिकामी खुर्चीच नव्हती. इथे यांची स्वतःची आहे, ठेवलेली. उजेड डावीकडून पडला तर पडू दे. कन्यादानाला वडील बसतील.

ज्या बटणाला मी इतके दिवस नावं ठेवली ते आज डोळ्यांसमोरून जात नाही. हसू येतं स्वतःचं.

६ डिसेंबर

सुश्रुत जेवायला गेला होता. यांचा फोटो दिला आणि बटण दाबलं.

शेला पांघरलेला आहे तसाच आहे. वर नारळ. हे शेजारच्या खुर्चीत बसलेत. माझ्या.

पाठीवर शेला असता तर खुर्ची रिकामी दिसली असती. पूर्ण पांघरला, वर नारळ — यंत्राला वाटलं तिथे कोणीतरी आहे. म्हणून पुढची रिकामी केली. आणि मी शहाणी, सुश्रुतला हसणारी, बटण दाबण्याआधी मीही नीट बघितलं नाही.

लगेच हाताने परत करायला घेतलं. पण मला बसवायला मी कुठून आणू? माझा दुसरा फोटोच नाही. तेवढ्यात सुश्रुत आला. म्हणाला, आंटी, आप कौन? काउंटर के उस तरफ आइए.

मी म्हटलं, अरे मी. तो म्हणाला, जी, पर किससे मिलना है?

७ डिसेंबर

घरी हे आहेत. पंख्याखाली, खुर्चीत. घरमालकीण बाहेरूनच म्हणाली, भाईसाहब, अकेले हो, कामवाली लगा ली, अच्छा किया. कामवाली मी.

पोळी वाढली. हे समोर बघत राहिले. पोळी तशीच.

हात लावला. कोटाला जाडी नाही. —

यशश्रीचा फोन आला यांच्या मोबाइलवर. मी उचलला. आवाज ऐकून म्हणाली, बाबांना द्या ना. मी म्हटलं, यशू, मी. ती थोडी थांबली. मग अदबीने म्हणाली, काकू, तुम्ही कामाला नवीन का? बाबांना म्हणावं कन्यादानाच्या तालमीला शनिवारी येते. सासूबाई म्हणतात वडील स्वतः बसणार म्हणजे प्रश्नच नाही.

इतकी आनंदात — हे गेल्यापासून हा आवाज ऐकला नव्हता.

८ डिसेंबर

यांना उठवलं तर मी परत येईन. माझा फोटो काढून घ्यायचा, यांच्या जागी बसायचं. विश्वासरावही मधले दिवस असेच अनोळखी होऊन कुठे फिरले असतील; ते आले तशी येईन. आणि लेकीचा आवाज पुन्हा आधीसारखा विझलेला —

नाही उठवलं तर —

सगळा दिवस यांच्यासमोर बसून काढला. उजेड डावीकडूनच. संध्याकाळ झाली तरी.

ठरलं. यांना उठवायचं नाही. दुसरी खुर्ची आहे ना. शेल्याची.

९ डिसेंबर

ठरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मी काय केलं ते लिहिते.

पाणी आलं नव्हतं, कालच्याच पाण्याने आंघोळ केली. पाटणकर बाजारात गेले. जिना चढले. गिऱ्हाईक म्हणून माझा फोटो काढून घेतला, बसलेला. सुश्रुतने विचारलं, आंटी, पासपोर्ट? मी म्हटलं, नाही, साखरपुड्याच्या फोटोत बसवायचा आहे, शेला पांघरलेल्या खुर्चीवर. गेलेल्या माणसाची जागा असते ती, म्हणाला. माहीत आहे म्हटलं. त्याला बजावून सांगितलं, बटण वापरू नको. आधी शेला नि नारळ हाताने काढ, मग बसव. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, हाँ हाँ आंटी, हो जाएगा, बैठिए.

मी बाकावर बसून हे लिहिते आहे. त्याची पाठ दिसते. मोबाइल कानाला आहे, कोणाशी तरी क्रिकेटचं बोलतो आहे. आमचा फोटो पडद्यावर आला. त्याने बघितला नाही. शेला काढला नाही. नारळ तसाच आहे. ओळीत आधी शेल्याची खुर्ची, मग हे, यंत्राने स्वतःच बसवलेले, त्यांना ते हलवणार नाही, मग पुढची खुर्ची यशश्रीची — त्याचं बोट त्या बटणाकडे — सुश्रुत, अरे थांब, ती माझी —